सोळाशे, शंभर आणि गोळा

निवृत्त झालेल्या माणसानं कशात तरी मन रमवावं, असं मला निरोप समारंभात सात जणांनी सांगितलं. कशात, ते एकानंही सांगितलं नाही. डॉक्टरांनी मात्र नेमकं सांगितलं, पहाटे चाला. म्हणून मी घरामागच्या महापालिकेच्या मैदानावर जाऊ लागलो. तिसऱ्या दिवशी घामानं निथळणारा एक पोरगा माझ्यासमोर येऊन थांबला, माझ्या तळहातावर एक पिवळं स्टॉपवॉच ठेवलं आणि म्हणाला, "काका, नुसतं दाबायचं. मी निघालो की एकदा, आलो की एकदा."

बँकेत ३६ वर्षं शिक्के मारल्यामुळे दाबण्याच्या कामाला मी घाबरत नाही. मी दाबलं. पोरगा सुटला. चार फेऱ्या मारून परत आला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि धापा टाकत म्हणाला, "किती बसलं?"

"अरे, इथं कुणीच बसलं नाही," मी म्हणालो. "मीसुद्धा उभाच आहे."

"सोळाशे हो, काका! सोळाशे किती बसलं?"

घड्याळात पाच मिनिटं एकतीस सेकंद होते. तो आकडा ऐकून पोराचा चेहरा चेक परत आलेल्या खातेदारासारखा झाला. एवढं पळून हा उभा आहे, हेच मला पुष्कळ वाटत होतं. पण तो पोलीस भरतीचा पोरगा होता, आणि भरतीच्या पोराचा भाव सेकंदांत ठरतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्याचं नाव किरण. गाव माण तालुक्यात. पाऊस त्या बाजूला फिरकत नाही, पण पळणारी माणसं तिथं उगवतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेली ललिता बाबर याच तालुक्यातली. किरण पुण्यात पोलीस लाइनीत मामाकडे राहून तयारी करत होता. महिनाभरात त्याच्यासारखी चौदा पोरं आणि पाच पोरी माझ्याभोवती गोळा झाल्या, आणि मी 'घड्याळवाले काका' या पदावर रुजू झालो. पगार नव्हता, पण बँकेतही शेवटी शेवटी काम नव्हतंच. फिटंफाट झाली.

या मंडळींची भाषा शिकायला मला आठवडा लागला. मैदानी चाचणीला ती 'ग्राउंड' म्हणतात. ग्राउंडात तीन गोष्टी: सोळाशे म्हणजे १६०० मीटर धावणं, शंभर म्हणजे १०० मीटर धावणं, आणि गोळा म्हणजे गोळा. गुण ५०. सोळाशेला २०, शंभरला १५, गोळ्याला १५. पैकीच्या पैकी मिळाले की 'आऊट ऑफ'. सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की आऊट ऑफ, शंभर साडेअकरा सेकंदांत, आणि गोळा साडेआठ मीटरवर पडला की आऊट ऑफ. मुलींना ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. ५० पैकी निम्मे पडले नाहीत तर लेखी परीक्षेचं नाव काढायचं नाही.

मुलांचा गोळा ७.२६ किलोचा असतो. सरळ सात किलोचा का नाही, हा प्रश्न माझ्यातल्या हिशेबनिसाला दोन रात्री छळत होता. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला: तो मुळात सोळा पौंडांचा. साहेब गेला, गोळा ठेवून गेला. सवयीनं मी दुसराही हिशेब केला. सोळाशे मीटर पाच-दहामध्ये म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. संध्याकाळी सहा वाजता लक्ष्मी रोडवर रिक्षालाही हा वेग झेपत नाही. म्हणजे भरतीचा पोरगा पायी पुण्यातल्या वाहतुकीला मागे टाकू शकतो, आणि नोकरीत आपण त्याला त्याच वाहतुकीच्या मधोमध शिट्टी देऊन उभा करतो.

ग्राउंडाच्या आधी मोजमाप असतं. मुलाची उंची १६५ सेंटिमीटर हवी. छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर पाच सेंटिमीटर जास्त. हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमचं पोट जेवणानंतर न फुगवताही पाच सेंटिमीटर वाढतं. अशी काही जागा निघाली तर बघा." उंचीच्या बाबतीत मात्र पोरांकडे गुप्त शास्त्र आहे. माणूस सकाळी उठल्या उठल्या सेंटिमीटरभर उंच असतो, कारण रात्री आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात आणि दिवसभराच्या भारानं पुन्हा दबतात. त्यामुळे १६४ आणि १६५ यांच्यामध्ये लोंबकळणारा आमचा एक पोरगा मोजमापाला जीपमध्ये आडवा पडून जाणार आहे. त्याला उचलून थेट पट्टीखाली उभं करायची जबाबदारी बाकीच्यांनी वाटून घेतली आहे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मैदानासमोर एक व्यायामशाळा उघडली. तिच्यावर 'फंक्शनल फिटनेस' असा फलक लागला आणि खाली ओळ होती: पोलीस, अग्निशमन, सैन्य भरतीसाठी खास बॅच. पोरांनी मला पुढं केलं. "काका, तुम्ही शिकलेले. जाऊन विचारा, हे नक्की काय असतं."

तिथला प्रशिक्षक सज्जन निघाला. त्यानं मला समजावून सांगितलं, "काका, आरशासमोर उभं राहून दंड फुगवणं वेगळं आणि कामाला लागणारी ताकद वेगळी. आपण जे काम रोज करतो, त्यातल्या हालचालींचाच सराव करायचा. शरीर भोळं असतं. जे करायला लावाल त्यातच ते तरबेज होतं."

हे ऐकून मला फार आनंद झाला. ३६ वर्षं मी शरीराला खुर्चीत बसायला लावलं होतं, आणि त्यात ते खरोखरच तरबेज झालं आहे.

मग त्यानं सामान दाखवलं. ट्रॅक्टरचा टायर उलटापालटा करायचा. लोखंडी गाडा ढकलायचा. जाड दोर भिंतीला बांधून हलवायचा. दोन हातांत दोन वजनं घेऊन चालायचं, याला 'फार्मर्स वॉक' म्हणजे शेतकऱ्याची चाल असं नाव. सोबत आलेल्या किरणनं मला बाजूला घेतलं. "काका, हे तर आमच्या घरी वैरणीच्या वेळेला फुकट असतं. उलट दमलो म्हणलं तर आई बोलती."

तेवढ्यात टेम्पोतून वाळूची छोटी पोती आली. दोन हमाल आले होते. मार्केट यार्डातली माणसं असावीत. खांद्यावर गोणपाट, आणि एका फेरीला दोन दोन पोती. त्यांतल्या थोरल्यानं प्रशिक्षकाला विचारलं, "ह्यात साखर का?"

"वाळू."

"बांधकाम काढलंय?"

"नाही. ही पोती उचलून त्या भिंतीपाशी न्यायची. मग परत इकडं आणायची."

"बरं. आणि किती?"

"महिन्याला अडीच हजार."

थोरल्या हमालानं पोत्यांकडे पाहिलं. वीस-वीस किलोची ती पोती. ज्यानं उमेदीत शंभर किलोची पोती वाहिली, आणि पुढं पन्नासचं पोतं येईपर्यंत वाट पाहिली, त्याला ती उशीसारखीच वाटली असणार. त्याचा चेहरा उजळला. "कधीपासून येऊ?" त्यानं विचारलं. पैसे घ्यायचे नसून द्यायचे आहेत हे त्याला समजावून सांगायला दहा मिनिटं लागली, आणि समजल्यावर तो पायरीवर बसून पुढची दहा मिनिटं हसला. हसून झाल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, १९६९ मध्ये आमच्यासाठी माथाडीचा कायदा झाला. तुमच्यासाठी पण एक करून घ्या."

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ सालीच सांगून ठेवलं होतं की प्रौढ पुरुष कामगाराच्या अंगावर ५५ किलोपेक्षा जास्त ओझं शक्यतो देऊ नये. ही गोष्ट मी प्रशिक्षकाला ऐकवली, कारण तो मला आत ओढत होता. "तुमची फक्त एक चाचणी घेतो," तो म्हणाला. चाचणी ब्राझीलच्या क्लॉडिओ गिल आराउझो नावाच्या डॉक्टरांची होती. आधार न घेता जमिनीवर बसायचं आणि आधार न घेता उठायचं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात टेकला, एक गुण गेला. गुडघा टेकला, आणखी एक. तोल गेला तर अर्धा.

बसताना मी चांगला बसलो, म्हणजे शेवटचे सहा इंच गुरुत्वाकर्षणानं पार पाडले. उठताना एक हात, मग दुसरा हात, मग गुडघा, मग किरणचा खांदा, असा क्रम लागला. मध्ये मी "अगं आई गं" म्हणालो. त्याचेही गुण कापतात का, असं विचारलं. प्रशिक्षक म्हणाला, "काका, कापायला काही उरलेलं नाही." आमची आजी पंच्याऐंशीव्या वर्षी पाटावर बसून जेवायची आणि ताट उचलून उठायची. दिवसातून दोनदा तिची ब्राझीलची परीक्षा व्हायची, आणि तिला पत्ताही नव्हता. आम्ही डायनिंग टेबल घेतलं आणि नापास झालो.

त्या संध्याकाळी मैदानावर किरणचे मामा आले. हवालदार, २७ वर्षांची नोकरी. किरणचे ते सख्खे मामा. पण पुण्यात प्रत्येक पोलीस प्रत्येक दुचाकीवाल्याचा मामाच असतो, त्यामुळे मीही त्यांना मामाच म्हणतो, आणि ते मला काका म्हणतात. आमच्या नात्याचा विचार करताना किरण गप्प होतो. मामा उंच आहेत, खांदे रुंद आहेत, आणि पट्ट्याच्या वर जे आहे त्याला ते 'सेवाज्येष्ठता' म्हणतात.

फंक्शनल फिटनेसची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "कामाला लागणारी ताकद, असंच म्हणाला ना तो? बरोबर बोलला. पण काम काय असतं, हे कुणी इचारलं का? सत्तावीस वर्षांत मी एकबी चोर सोळाशे मीटर पळताना बघितला नाही. चोर साठ मीटर पळतो, भिंतीवर चढतो आणि पलीकडं उतरून रिक्षात बसतो. आणि गोळा? कुणाला मारायचाय तो?"

मी परीक्षेची बाजू घेतली. बँकेतला माणूस आहे, नियमाची बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही. म्हणालो, "मामा, एकेका जागेसाठी केवढी पोरं येतात! सोळाशेत छाती कळते, शंभरात पाय कळतात, गोळ्यात कंबर आणि खांदा. आणि मुख्य म्हणजे गोळा कुणाच्या ओळखीचा नसतो. आमदाराचं पत्र दाखवलं म्हणून तो अर्धा मीटर पुढं जाऊन पडत नाही."

मामांनी मान हलवली. "हे मात्र पटलं. पूर्वी लांब उडी होती, पुलअप्स होते, ते गेले. गोळा राहिला. प्रामाणिक आहे बिचारा."

मग मी त्यांना इकडचं तिकडचं वाचलेलं सांगितलं. इंग्लंडमधल्या पोलिसांना दरवर्षी पंधरा मीटरच्या अंतरात शिट्टीच्या तालावर ये-जा पळावं लागतं, आणि चार मिनिटांच्या आतच ते संपतं. कॅलिफोर्नियातल्या पोलीस प्रशिक्षणाच्या चाचणीत ७५ किलोची बाहुली ३२ फूट ओढत न्यावी लागते.

"बाहुली?" मामांचे डोळे चमकले. "ती ओकते का?"

"नाही."

"गाणी म्हणते का? 'साहेब, तुम्ही मला भावासारखे' म्हणून गळ्यात पडते का?"

"नाही बहुतेक."

"मग ते बरोबर नाही. जवळ आलेत, पण बरोबर नाही. ए, इकडं या रे सगळे." आणि मामांनी मला मैदानाच्या मधोमध आडवं व्हायला सांगितलं. "काका, तुम्ही दारू पिऊन पडलाय. शुक्रवारची रात्र आहे. पोरांनो, काकांना जीपमध्ये घाला."

मी ८२ किलोचा आहे. आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे मजल गेलेली नाही. त्यामुळे अंग सोडणं मला जमेना. "काका, सैल पडा," मामा ओरडत होते, "तुम्ही ताळेबंदाला बसल्यासारखे पडलाय." शेवटी मी सैल पडलो. आणि मग गंमत झाली. ७.२६ किलोचा गोळा साडेआठ मीटर फेकणारे दोन पोरगे मला दोन बाजूंनी उचलू लागले. हात वर गेले, मी खालीच राहिलो. एकानं पाय धरले, तेव्हा माझा फक्त बूट जीपच्या दिशेनं गेला. गोळा गोल असतो, गप्प असतो आणि त्याचं वजन एका जागी असतं. सैल माणसाचं वजन पाण्यासारखं जिथं हात नाही तिकडं वाहतं.

तेव्हा प्राजक्ता पुढं आली. आमच्या पाच पोरींतली सगळ्यात किरकोळ. आठशे तीन मिनिटांत मारणारी, पण गोळ्याला मार खाणारी. तिनं मला आधी बसतं केलं. मागून काखेतून हात घातले, माझंच मनगट माझ्या पोटावर पकडलं, गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि मला सरसर मागे ओढत मैदानाच्या कडेपर्यंत नेलं. पाय घासले गेले, पण मी मुक्कामाला पोचलो.

"हे कुठं शिकलीस?" मामांनी विचारलं.

"सवय हाय," ती म्हणाली आणि बूट आणून माझ्या पायापाशी ठेवला. पुढं कुणी काही विचारलं नाही. मामांनी फक्त खिशातली वही काढून काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "आऊट ऑफ."

त्या दिवसापासून आमच्या मैदानावर मामांचा अभ्यासक्रम सुरू झाला. सकाळी सोळाशे, शंभर, गोळा हा सरकारी भाग. त्यानंतर अर्धा तास मामांचा भाग. त्यात भिंत चढणं होतं, दारुडा होता (त्या भूमिकेतून मी पाठीच्या कारणास्तव लवकरच मुक्त झालो), कुलूपबंद जीपमध्ये बसल्या बसल्या झोपणं होतं, आणि चार मिनिटांत जेवणं होतं. मुंबईच्या अग्निशमन दलात उंचावरून जंपिंग शीटमध्ये उडी मारायला लावतात, माणसाच्या आकाराची बाहुली खांद्यावर घेऊन पळवतात, हे मी सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. आग लागल्यावर जे करायचं तेच आधी करून घेतात. आमची आग वेगळी."

"म्हणजे?"

"आमची आग म्हणजे उभं राहणं."

मला हसू आलं, पण मामा गंभीर होते. "काका, बंदोबस्त म्हणजे काय? उभं राहणं. व्हीआयपी येणार, उभं राहा. व्हीआयपी उशिरा येणार, उभं राहा. व्हीआयपी दुसऱ्या रस्त्यानं गेला, तरी आदेश येईपर्यंत उभं राहा. पळायचं काम महिन्यातनं एकदा. उभं राहायचं काम रोज. आणि त्याची परीक्षा कुणी घेत नाही."

मग त्यांनी पोरांना उभं राहायचं शिकवलं. हे शास्त्र आहे, यावर माझा आधी विश्वास नव्हता. माणूस अजिबात न हलता उभा राहिला की रक्त पायात साचतं, मेंदूला कमी पडतं आणि धडधाकट जवानसुद्धा परेडमध्ये धाडकन पडतो. पोटरी आवळली की ती पायातलं रक्त वर ढकलते. म्हणून तिला दुसरं हृदय म्हणतात. मामांना हे कुणी शिकवलेलं नाही. ते गुडघे कधी पुरते ताठ करत नाहीत, दर मिनिटाला टाच नखभर उचलतात आणि टेकवतात, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेतात, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं हवालदार खांबासारखा उभा आहे.

मी घड्याळ लावलं. सगळ्यांनी एक तास उभं राहायचं. मोबाइल नाही, टेकणं नाही, गप्पा नाहीत. सोळाशे पाच-बारामध्ये मारणारा पोरगा बाविसाव्या मिनिटाला खाली बसला. किरण पस्तिसाव्या मिनिटाला म्हणाला की त्याला खाज सुटली आहे, आणि खाजवता खाजवता झाडाला टेकला. तासाच्या शेवटी तिघंच उभे होते: मामा, प्राजक्ता आणि मी. माझं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही. मी रॉकेलच्या, गॅस सिलिंडरच्या आणि टेलिफोन बिलाच्या रांगांतला जुना खेळाडू आहे. आमच्या पिढीची मैदानी चाचणी सरकारनं वीस वर्षं रोज घेतली होती, फक्त गुणपत्रिका दिली नाही.

कुणी म्हणेल, हे फंक्शनल वगैरे नवीन खूळ आहे. मामा म्हणतात, जुनंच आहे. तालमीत काय होतं? हौद्यातली लाल माती फावड्यानं उकरायची, जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारायच्या, दोरावर चढायचं, दगडी नाल गळ्यात घालून फिरायचं. कुस्तीत समोरचा माणूस जिवंत असतो, सैल असतो, निसटतो आणि शिव्याही देतो. म्हणजे ती पोलिसाच्या कामाची रंगीत तालीमच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले आणि १९५५ मध्ये पोलिसात फौजदार झाले. गावाचं नाव गोळेश्वर असूनही त्यांचं नाव गोळ्यासाठी घेतलं जात नाही, हे मामा आवर्जून सांगतात.

"मग तुम्ही तालीम का सोडली?" मी एकदा सेवाज्येष्ठतेकडे बघत विचारलं.

मामा रागावले नाहीत. म्हणाले, "काका, भरतीला मी पण पाच-पंधरामध्ये पळायचो. मग ड्यूटी लागली. सकाळी आठला जेवण बांधून न्यायचं, ते दुपारी चारला उघडायचं. मधल्या वेळेत टपरीवरचा चहा आणि वडापाव, कारण ते उभ्यानं खाता येतं. रात्रपाळीनंतर दिवसा झोप नाही. तंदुरुस्त राहणाऱ्याला शासनाचा भत्ता आहे बरं का. कित्येक वर्षं महिन्याला अडीचशे."

मी मनात भागाकार केला. समोरच्या व्यायामशाळेत महिना अडीच हजार. म्हणजे शासन पोलिसाच्या एक दशांश भागाच्या तंदुरुस्तीचा खर्च उचलतं. उरलेले नऊ भाग ज्याचे त्यानं बघायचे. २०१६ मध्ये मुंबईत, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला. ती बातमी मामांनी वाचली तेव्हा ते बंदोबस्तात होते. "उभ्यानंच वाचली," ते म्हणाले.

भरतीची जाहिरात निघणार, निघणार म्हणता म्हणता गणपती आले. पुण्यात विसर्जन मिरवणूक सकाळी मंडईतून निघते. दुसऱ्या दिवशी कधी संपते, हे फक्त गणपतीला ठाऊक असतं. तीस तासांच्या आसपास धरून चालायचं. मामांची नेमणूक लक्ष्मी रोडवरच्या एका चौकात होती. सकाळी सात वाजता किरण आणि मी त्यांना डबा द्यायला गेलो. मामा बॅरिकेडपाशी उभे राहिले, टाचा एकदा वर-खाली केल्या, टोपी सारखी केली. माझ्या खिशात पिवळं घड्याळ होतं. सवयीनं मी दाबलं, आणि विसरून गेलो.

मानाचे पाच गणपती गेले. ढोल-ताशांची पथकं गेली. दुपारी गर्दीत मी लांबून पाहिलं तेव्हा मामा एका हातानं दोर धरून होते आणि दुसऱ्या हातानं पत्ता सांगत होते. संध्याकाळी पाहिलं तेव्हा त्यांच्या डाव्या खांद्यावर एक हरवलेलं चार वर्षांचं पोर गाढ झोपलं होतं, आणि मामा त्याची झोप मोडू नये म्हणून शिट्टी न वाजवता नुसत्या भुवयांनी गर्दी हटवत होते. रात्री मी घरी जाऊन झोपलो. मी झोपू शकतो. माझ्या शरीराला त्याचा सराव आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा डबा घेऊन आम्ही गेलो. रस्त्यावर गुलाल आणि चपला. शेवटची मंडळं अजून जात होती. मामा त्याच चौकात. डोळे तांबडे, आवाज बसलेला, टाचा मात्र हलत होत्या. नखभर वर, नखभर खाली. मी खिशात हात घातला तर घड्याळ अजून चालूच होतं. किरणनं ते हातात घेऊन वाचलं.

"सहा तास चाळीस मिनिटं."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईनं खुलासा केला: या घड्याळात चोवीस तासांच्या पुढं आकडाच नाही. चोवीस झाले की ते शून्यावर येऊन नव्यानं मोजायला लागतं.

"म्हणजे ते दमलं," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

किरणनं बोटांवर बेरीज केली. तीस तास चाळीस मिनिटं. भरतीचा गुणतक्ता त्याला पाठ आहे. कितीला किती गुण, ते झोपेतही सांगतो. तो थोडा वेळ घड्याळाकडेच बघत राहिला. या वेळेपुढं त्याच्या तक्त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

मग त्यानं डबा माझ्या हातात दिला, बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीकडं बोट केलं आणि म्हणाला, "मामा, बसा. मी हितं उभा राहतो."

"तुला अधिकार आहे का रे?"

"नाही. नुसता उभा राहतो. गुडघे ताठ करत नाही."

मामा पायरीवर बसले. बसताना हात टेकला, पण तो गुण मी कापला नाही. त्यांनी डबा उघडला, भाकरीची घडी मोडली आणि वर न बघता म्हणाले, "काका, वेळ लावा."

मी घड्याळ शून्यावर आणून दाबलं. झुणका, भाकरी, कांदा, शेवटी ताकाची बाटली. समोर किरण उभा होता, आणि त्याच्या टाचा नखभर वर-खाली होत होत्या. मामांनी डब्याचं झाकण लावलं तसं मी पुन्हा दाबलं.

"किती बसलं?" त्यांनी विचारलं.

"चार मिनिटं पन्नास सेकंद."

रस्त्याच्या मधून, मान न वळवता, किरण म्हणाला, "आऊट ऑफ."